दोन उघडे चिमटे

मित्रांनो, मी एक जुना बॅटरी चार्जर. मोबाइलच्या चार्जरशी माझं दूरचं नातं आहे म्हणा, पण मी त्याच्यासारखा खिशात मावत नाही. पत्र्याची राखाडी पेटी, वर उचलायला मूठ, समोर काचेआड हलणारा एक काटा आणि बाहेर लोंबणाऱ्या दोन वायरींच्या टोकांना दोन चिमटे, असं माझं रूप आहे. मोटारसायकलच्या बॅटरीतली वीज संपली की ती परत भरायची, हे माझं काम. बावीस वर्षं मी ते केलं.

एका दुपारी माझ्यामुळे एक मोठा घात झाला. तो मला तुम्हाला सांगायचा आहे, आणि लवकर सांगायचा आहे. माझे दिवस भरत आले आहेत. पण माझ्यासारखे कितीतरी चार्जर अजून चालू आहेत, आणि त्यांच्याजवळ रोज कोणी ना कोणी वाकतं. म्हणून ऐका.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. तेव्हा आमच्या शहराला औरंगाबाद म्हणत. जुन्या मोंढ्याजवळच्या एका अरुंद गल्लीत मोतीराम नावाचा कारागीर पाण्याच्या जळालेल्या मोटारी आणि पंखे उघडून त्यांत नवी तांब्याची तार भरायचा. त्याने माझ्या पोटातलं वेटोळं एकेक वेढा मोजत गुंडाळलं. मध्ये चहावाला आला तरी मान वर केली नाही, कारण मोजणी चुकली असती. शेवटी त्याने एका चिमट्यावर लाल रबर चढवलं आणि दुसऱ्यावर काळं. मला न्यायला आलेला रामकिसन समोरच उभा होता. मुकुंदवाडीत त्याने नुकतंच गॅरेज टाकलं होतं.

"हे बघ," मोतीराम म्हणाला, "लाल म्हंजे अधिक, काळा म्हंजे उणे. आन् आत फ्यूज बसवलाय. उलटं लागलं तर हा फ्यूज जळंल, बाकी समदं वाचंल."

रामकिसन हसला. "उलटं लावंल कशाला मी?"

"माणूस हाय. घाईत हात चुकतो," मोतीराम म्हणाला आणि त्याने माझं झाकण बंद केलं.

रामकिसनचं गॅरेज म्हणजे रस्त्याकडेला पत्र्याचा एक गाळा होता. मागे लागूनच त्याचं दोन खोल्यांचं घर. सकाळी शटर वर गेलं की समोरून जाणारा एखादा ओळखीचा "जय भीम, रामकिसनभाऊ" म्हणायचा, आणि पाठोपाठ पहिली बॅटरी माझ्यापुढे यायची. थंडीच्या दिवसांत तर रांग लागायची. वाळूजच्या कंपन्यांत पाळीला जाणारे कामगार रात्री बॅटरी ठेवून जात आणि सकाळी घेऊन जात. एकदा अजिंठ्याचा एक दुकानदार मुद्दाम वाट वाकडी करून आला. म्हणाला, "रामकिसनच्या चार्जरवर भरलेली बॅटरी वर्षभर बघावी लागत नाय." तेव्हा माझा काटा जागेवरच होता, पण मनातून मी फुगलो होतो.

रामकिसनची एकुलती एक लेक विशाखा. ती चालायला लागली तशी माझ्यासमोर येऊन बसायची. बटन दाबलं की काटा उचलला जायचा, ते पाहून टाळ्या वाजवायची. दहा वर्षांची झाली तेव्हा रामकिसनने तिला शिकवलं.

"आधी लाल, बॅटरीच्या अधिकवर. मग काळा. तो बॅटरीवर नाय लावायचा, गाडीच्या सांगाड्याला लावायचा, लांब. मग बटन. काढताना आधी बटन, मग काळा, मग लाल."

"लांब का, पप्पा?"

"भरताना बॅटरीतून गॅस निघतो. डोळ्याला दिसत नाय. तिथं ठिणगी पडली की भडका."

विशाखा ते पाढ्यासारखं म्हणत अंगणात फिरायची. आधी लाल, मग काळा, मग बटन. पुढे तिने आयटीआयला मोटार मेकॅनिकचा कोर्स केला. वर्गात दोनच मुली होत्या. परत आली आणि वडिलांच्या शेजारी स्टूल टाकून बसली. सुरुवातीला गिऱ्हाईक तिच्याकडे गाडी द्यायला कचरायचं. वर्षभरात तेच लोक विचारू लागले, "ताई हाय का आत?"

ते माझे सगळ्यात चांगले दिवस होते. पण मित्रांनो, वस्तू चांगली चालत असली की तिच्याकडे कोणी बघत नाही. माझं तसंच झालं.

आधी लाल रबर गेलं. बॅटरीतलं ॲसिड लागून लागून ते तडकलं आणि एका उन्हाळ्यात गळून पडलं. रामकिसनने लाल टेप गुंडाळली, ती ग्रीसमध्ये सुटली. मग काळं रबरही फाटलं. एका पावसाळ्यात उंदरांनी माझ्या वायरी कुरतडल्या, तेव्हा गाळ्यात पडलेल्या एकाच काळ्या वायरीचे दोन तुकडे करून त्याने मला लावले. पेटीवरची अधिक-उण्याची खूण काळ्या तेलाखाली बुजून गेली. आणि एका गर्दीच्या दिवशी माझा फ्यूज जळाला. नवा आणायला गुलमंडीपर्यंत जावं लागलं असतं. रामकिसनने फ्यूजच्या जागी एक जाड तार पिळून टाकली. "आजच्या दिवसापुरती," असं तो स्वतःशीच म्हणाला. ती तार सहा वर्षं तशीच राहिली.

तो वाईट माणूस नव्हता. कामात बुडालेला होता, एवढंच. आणि त्याचा आपल्या हातावर भरवसा होता.

"पप्पा, चिमट्यांना रबर आणा ना," विशाखा म्हणायची.

"आणतो. मला माहीत हाय कोणता कोणता ते."

"मला नाय ना कळत."

"अगं, ज्याचा एक दात तुटलाय तो अधिकचा. अंगठा फिरव, कळंल."

तेव्हापासून विशाखा चिमटा लावण्याआधी त्याच्या तोंडावरून अंगठा फिरवायची. तुटका दात लागला की तो अधिक. ती खूण खरी होती. पण एप्रिलच्या सुरुवातीला गाळा झाडताना मी स्टुलावरून खाली पडलो. त्या आपटण्यात माझ्या दुसऱ्या चिमट्याचाही एक दात तुटला. तो तुकडा कचऱ्यात गेला. कोणाच्याच लक्षात आलं नाही. फक्त मला माहीत होतं, आणि मला तोंड नव्हतं. त्यानंतर दर वेळी विशाखाचा हात माझ्याकडे आला की मी आतल्या आत आक्रोश करायचो. बाहेर नेहमीची घरघर तेवढी ऐकू जायची.

तो दिवस आला. सोयगावला रामकिसनच्या मेहुण्याने घर बांधलं होतं, त्याची घरभरणी होती. सकाळी निघण्यापूर्वी रामकिसनने शेवटचं काम म्हणून एका मोटारसायकलवर मला जोडलं. ती इंद्रजीत नावाच्या कामगाराची होती. तिची किक तुटलेली होती, त्यामुळे सेल्फशिवाय ती चालूच होत नसे. रामकिसनने स्वतःच्या हाताने चिमटे लावले, बरोबर लावले. बटन दाबलं आणि तो बस पकडायला गेला. त्याची बायको सत्यभामा घरात होती. गाळ्यात विशाखा एकटी.

दुपारी इंद्रजीत आला. त्याला वाळूजला दुसरी पाळी गाठायची होती.

"ताई, झालं का? याच्याआधी दोनदा उशीर झालाय. आज गेलो नाय तर घरीच बसवतील."

"बघते." विशाखाने बटन बंद केलं, चिमटे काढले आणि सेल्फ मारला. इंजिन कण्हलं आणि गप्प झालं.

"अजून अर्धा तास लागंल, दादा."

"अर्ध्या तासानं निघालो तर पाळी गेलीच समज. लाव लवकर, ताई, हात जोडतो."

विशाखाने दोन्ही चिमटे एकदम उचलले. एकावर अंगठा फिरवला. तुटका दात लागला. तो तिने बॅटरीच्या अधिकवर लावला.

मित्रांनो, तो चुकीचा चिमटा होता.

दुसरा तिने शिकवल्याप्रमाणे सांगाड्याला, लांब लावला. तिने एकही पायरी चुकवली नव्हती. माझीच खूण खोटी होती. तिने बटन दाबलं आणि माझा काटा शेवटच्या आकड्यावर जाऊन आपटला. माझ्या पोटात वणवा पेटला. आत फ्यूज असता तर त्याच क्षणी तो तुटला असता आणि सगळं थांबलं असतं. पण तिथे ती जाड तार होती. ती तुटेना. वायरीतून धूर निघाला. विशाखाने ते पाहिलं, "अरे देवा, उलटं!" म्हणाली आणि हाताजवळचा चिमटा, बॅटरीवरचा, ओढून काढला.

ठिणगी पडली. सकाळपासून भरत असलेल्या त्या बॅटरीभोवती गॅस साचलेला होता.

सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. बॅटरीची काळी शकलं पत्र्यावर आदळली. इंद्रजीत मागे फेकला गेला. विशाखा खाली वाकलेली होती. आतलं ॲसिड तिच्या चेहऱ्यावर उडालं.

ती किंचाळली. आणि त्या किंचाळण्यातही शब्द होता तो एकच, "पाणी! आई, पाणी!"

सत्यभामा धावत आली. गाळ्यातला पाण्याचा पिंप तिने वाकून पाहिला. तळाला चार बोटं पाणी होतं. आमच्या भागात नळाला पाणी येऊन तो नववा दिवस होता. तिने ते चार बोटं पाणी तांब्याने खरवडून लेकीच्या डोळ्यांवर ओतलं. तीन तांब्यांत संपलं. घरात घागर होती, ती आणली. तीही संपली. पंक्चर तपासायच्या टबात तेलकट काळं पाणी होतं. तिकडे तिचा हात गेला आणि मागे आला.

"अगं कोणी पाणी द्या गं!" ती रस्त्यावर जाऊन ओरडली. "माझ्या लेकीचे डोळे जातेत गं! पाणी द्या!"

समोरच्या घरातून यमुनाबाई बाहेर आल्या. नळाला मोटार लावण्यावरून त्यांचं आणि सत्यभामेचं आठवड्यापूर्वीच कडाक्याचं भांडण झालं होतं. दोघींत बोलणं बंद होतं. त्यांनी एकदा गाळ्यात पाहिलं, आत वळल्या आणि दोन्ही कडेला दोन घागरी घेऊन आल्या. सत्तरीच्या बाई, धापा टाकत होत्या.

"दूध घाला डोळ्यात, दूध," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

"दूध नको!" विशाखा डोळे गच्च मिटून ओरडली. "पाणीच. ओतत राहा. थांबू नका."

मग दारंच उघडत गेली. कोणी हंडा आणला, कोणी पिण्याच्या पाण्याचा जार आणला, कोणी कुलरमधलं स्वच्छ पाणी बादलीत काढून आणलं. नऊ दिवस जपून वापरलेलं पाणी लोक ओतत होते. इंद्रजीतने शर्टाची बाही बोटांना गुंडाळून विशाखाच्या पापण्या उघडून धरल्या होत्या. तो स्वतः रडत होता.

आणि मी? मी जमिनीवर आडवा पडलो होतो. माझी पिन अजून भिंतीत होती. बटन चालूच होतं. मोतीरामने मला घडवलं तेव्हापासून माझ्या पेटीला अर्थिंग नव्हतं आणि आतली वायर जळून उघडी पडली होती. वीज माझ्या पत्र्यात उतरली असावी, असं मला जाणवत होतं. आणि ते सगळं पाणी, लोकांनी प्रेमाने आणलेलं पाणी, उताराने माझ्याकडे येत होतं. सत्यभामा अनवाणी होती. यमुनाबाई अनवाणी होत्या. ओल पहिल्या फरशीवर आली, मग दुसऱ्या फरशीवर. मी जिवाच्या आकांताने विनवत होतो, कोणीतरी माझं बटन बंद करा. एकदा पोरीचे डोळे घेतले, आता तिच्या आईला मारायला लावू नका. माझी घरघर चालू होती. ती कोणाला ऐकू येणार?

ती विशाखाला ऐकू आली.

"चार्जर चालू हाय," ती म्हणाली. तिला दिसत काहीच नव्हतं. "दादा, भिंतीवरचं बटन आधी बंद करा. आईला मागं घ्या. पाण्यात विजेचा झटका बसंल!"

इंद्रजीतने झेप घेतली आणि बटन दाबलं. घरघर थांबली. दुसऱ्याच क्षणी पाणी माझ्या पत्र्याला लागलं, आणि काही झालं नाही.

रिक्षा आली. विशाखाला आत बसवलं, तरी यमुनाबाई जार घेऊन शेजारी बसल्या आणि वाटभर पाणी ओतत राहिल्या. इंद्रजीतने शटर खाली ओढलं आणि रिक्षाच्या मागे पळत गेला. त्या दिवशी तो कामावर गेला नाही.

मी अंधारात राहिलो. चार दिवस. मित्रांनो, वस्तूला वाट पाहण्याशिवाय दुसरं काही करता येत नाही. बाहेर पावलं वाजली की मला वाटायचं, आता कोणी सांगेल, तिला दिसतं का. पावलं पुढे निघून जायची.

पाचव्या दिवशी शटर वर गेलं. रामकिसन एकटाच आत आला. तो सोयगावहून परस्पर दवाखान्यात गेला होता आणि तेव्हापासून तिथेच होता. त्याने बॅटरीची शकलं गोळा केली. मग मला उचललं. माझे दोन्ही चिमटे हातात घेतले, एकाच्या तोंडावरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्याच्या. अंगठा थबकला. त्याने परत फिरवला. दोन्हीकडे दात तुटलेला होता.

तो दोन्ही चिमटे हातात धरूनच फरशीवर बसला. 

"दोन रबरं," तो म्हणाला. "फकस्त दोन रबरं आणायची होती मला."

सत्यभामा दारात येऊन उभी होती. तिने यमुनाबाईंच्या रिकाम्या घागरी उचलल्या आणि त्या परत द्यायला गेली. 

वीस दिवसांनी विशाखा घरी आली. तिच्या गालावर लाल चट्टे होते आणि डाव्या डोळ्यावर हिरवा कपडा. यमुनाबाई भेटायला आल्या तेव्हा सगळं माझ्या कानावर पडलं. उजवा डोळा वाचला होता. "डॉक्टर म्हणले, इतकं पाणी कुठून आणलं तुम्ही? त्यानंच हा वाचला," सत्यभामा सांगत होती. डाव्या डोळ्याची बाहुली मात्र पांढरी पडली होती. त्याला उजेड आणि अंधार यातला फरक कळायचा, बाकी काही नाही. शस्त्रक्रिया करून बघू, सहा महिन्यांनी, असं सांगितलं होतं. दिसेलच असं नव्हतं.

रामकिसनने त्यानंतर एकही बॅटरी हातात घेतली नाही.  "आज नाय जमणार," असं म्हणून तो गिऱ्हाईक परत पाठवायचा. मी कोपऱ्यात भंगारात पडलो होतो. मला वाटायचं, निदान आता कोणी मला नीट करावं. दोन रबरं घालावीत, फ्यूज बसवावा, अर्थिंगची पिन लावावी. मला अजून काम करता आलं असतं. माझी काही चूक नाही, असंही कधीकधी वाटायचं. मग विशाखा समोरून भिंत चाचपत जायची आणि मी तो विचार सोडून द्यायचो.

एके सकाळी भंगारवाला सर्जेराव हातगाडी घेऊन आला. त्याने मला उचलून पाहिलं, आणि रामकिसन काही म्हणायच्या आत माझी पिन भिंतीत खुपसून बटन दाबलं. माझा काटा हलला.

"अरे, चालू हाय की हा!" सर्जेराव म्हणाला. "फोडायचा कशाला? बजाजनगरला एकानं नवं गॅरेज टाकलंय. त्याला देतो असाच."

रामकिसन क्षणभर घुटमळला. "चिमटे नवे लावून..." तो पुटपुटला.

"थांबा, काका." आतून विशाखा आली. तिच्या हातात पक्कड होती. "बटन बंद करा. पिन काढून माझ्या हातात द्या."

सर्जेरावने पिन काढून दिली. ती हातात घट्ट धरूनच विशाखा माझ्यासमोर उकिडवी बसली.

"अगं, नवे चिमटे लावून देऊ ना त्यांना," रामकिसन म्हणाला.

"लावायचे असते तर तुम्ही सहा वर्षांपूर्वीच लावले असते, पप्पा."

ती रागाने बोलली नाही. म्हणूनच ते रामकिसनला फार लागलं. 

विशाखाने माझी वायर उचलली आणि पक्कड मिटली. पक्कड हवेतच मिटली. वायर दोन बोटं अलीकडे होती. एका डोळ्याने तिला अंतर कळत नव्हतं. रामकिसनने तिचा हात धरायला हात पुढे केला.

"मी करते," ती म्हणाली.

तिने वायरीवर बोट ठेवलं, बोटाच्या आधाराने पक्कड सरकवत आणली आणि दाबली. एक वायर तुटली. मग दुसरी. मग भिंतीकडे जाणारी जाड वायर, अगदी पेटीला चिकटून, जोडायला टोकच उरू नये अशी. तिन्ही तुकडे तिने स्वतःजवळ ठेवले.

"आता न्या," ती सर्जेरावला म्हणाली. "आतलं तांबं काढून घ्या. पण हा कोणालाही वापरायला देऊ नका."

आता मी सर्जेरावच्या ढिगात आहे. उद्या-परवा माझं झाकण उघडलं जाईल आणि मोतीरामने मोजून गुंडाळलेली तार उलगडली जाईल. त्याचं मला दुःख नाही. विशाखाने केलं ते बरोबर केलं. पण तिच्या डोळ्याचं पुढे काय झालं, हे मला कधीच कळणार नाही. ते मात्र सहन होत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी मोटारसायकल असेल. चार्जर असेल, नाहीतर मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटार तरी असेलच. आज घरी गेल्यावर त्यांच्याकडे एकदा नीट बघा. कुठे वायर उघडी आहे का, खूण पुसली आहे का, रबर तडकलं आहे का. हात लावू नका, पण मोठ्या माणसांना सांगा. ते म्हणतील, आणतो. ते म्हणतील, आम्हाला माहीत आहे. कदाचित हसतीलही. हसू द्या. दुसऱ्या दिवशी परत सांगा. नवी वस्तू हातात येईपर्यंत सांगत राहा.

मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.